मधून कडेकडे

आज पाना हातात घ्यायची घाई नको. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, बॅटरीची वायर सोडा आणि इंजिन गार होईपर्यंत शेजारी बसा. बॉनेट लवकर गार लागतं, पण आतलं ओतीव लोखंड फार वेळ ऊब धरून असतं. गरम हेडचे नट सोडले तर ते निवताना वाकतं, आणि सरळ असलेलं हेड आपल्याच हातानं वाकडं होतं. जमत असेल तर रात्र जाऊ द्या. हे थांबणंही कामातच मोडतं.

बसल्या बसल्या एक प्रश्न मनाशी धरा: हेड गॅसकेट का गेलं? लगेच उत्तर देऊ नका. ‘जुनं झालं होतं’ हे उत्तर सगळ्यांच्या जिभेवर असतं आणि बहुतेक वेळा ते अपुरं असतं. गॅसकेट आपल्या मनानं जळत नाही. कुठेतरी उष्णता साठली, कुठेतरी ताण सैल पडला, कुठेतरी पाणी पोचलं नाही, आणि त्या सगळ्याचा भार शेवटी त्या पातळ पानावर आला. प्रश्न जवळ असू द्या. हात काम करतील तसं उत्तर दिसत जाईल.

आता डोळ्यांसमोर इंजिन आणा. माझ्या मनात आहे ते मॅसी फर्ग्युसन १०३५ मधलं, तीन सिलिंडरचं. सांगली-सोलापूरकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या ओढताना ते अजून दिसतं. त्याचं मूळ इंग्लंडातल्या पीटरबरो गावात आहे. तिथे १९३२ मध्ये फ्रँक पर्किन्सनं हलकी, वेगानं फिरणारी डिझेल इंजिनं बनवायला घेतली. १९५९ मध्ये मॅसी फर्ग्युसननं पर्किन्स कंपनी विकत घेतली, १९६० मध्ये मद्रासला टॅफे सुरू झाली, आणि मद्रासच्याच सिम्पसन कंपनीनं पर्किन्सच्या घडणीची इंजिनं भारतात बनवली. घडण जुनी आणि सरळ आहे: ओतीव लोखंडाचा ब्लॉक, त्यावर ओतीव लोखंडाचं हेड, मध्ये एक गॅसकेट. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं आणि बोटांना लागतं. मला ही इंजिनं आवडतात ती यासाठी. तुमचा ट्रॅक्टर महिंद्रा बी-२७५ असला तरी पुढचं बरंचसं थोड्याफार फरकानं तेच आहे. आकडे मात्र ज्याच्या त्याच्या पुस्तकातून घ्यावेत.

त्या सांध्यावर मन नेऊ. या इंजिनात ठिणगी नाही. हवा आत येते, पिस्टन वर जातो आणि तिला सतरा-अठरा पटींनी दाबतो. दाबलेली हवा ५०० अंश सेल्सिअसच्या पलीकडे तापते, तिच्यात नोझलमधून डिझेलचा फवारा पडतो आणि डिझेल आपोआप पेटतं. रूडॉल्फ डिझेलनं १८९७ मध्ये आउग्सबुर्गला जे तत्त्व चालवून दाखवलं, तेच तुमच्या अंगणात उभं आहे. पेटल्यावर दाब चौरस सेंटिमीटरला ७०-८० किलोच्या घरात जातो. सिलिंडरचा व्यास साधारण ९ सेंटिमीटर धरा, म्हणजे क्षेत्रफळ ६३-६४ चौरस सेंटिमीटर. गुणाकार मनातल्या मनात करा. जवळपास ५ टन. दर वेळी डिझेल पेटतं तेव्हा ५ टनांचा धक्का हेडला ब्लॉकवरून उचलू पाहतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा. मिनिटाला १,८०० फेरे धरले तर एका सिलिंडरमध्ये ९०० वेळा, तिन्ही मिळून २,७०० वेळा. शेतापासून कारखान्यापर्यंत दोन तास लागत असतील तर तेवढ्या वाटेत तीन लाखांच्या वर धक्के.

या आकड्यापाशी थोडं थांबा. तीन लाख वेळा उचलू पाहिलं आणि हेड जागचं हललं नाही.

आणि त्याच सांध्यातून पाणी वाहतं. ब्लॉकमधून वर हेडमध्ये, तिथून रेडिएटरकडे, तिथून परत. त्याच सांध्यातून तेलही वर चढतं, रॉकरला भिजवायला. आग, पाणी, तेल. तिघांशिवाय इंजिन चालत नाही आणि तिघांपैकी कोणतीही दोन एकमेकांत मिसळली तरीही चालत नाही. दोन सिलिंडरांच्या मधली लोखंडाची पट्टी बोटापेक्षा अरुंद असते. त्या अरुंद जागेत दोन्हीकडून आग आणि थोड्याच अंतरावर पाण्याची भोकं. एवढ्या जवळच्या शेजाऱ्यांना आपापल्या जागी ठेवण्याचं काम दीडेक मिलिमीटर जाडीचं पान करतं. जुन्या गॅसकेटांत तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. आता ग्राफाइटसारखा भराव असतो. सिलिंडरच्या तोंडाभोवती पोलादी कडं असतं, कारण आगीचा सगळा मार तिथेच बसतो.

गॅसकेट मऊ का असतं, याचा विचार करा. हेडची आणि ब्लॉकची पाठ मशीनवर सपाट केलेली असते, आरशासारखी नितळ दिसते, तरीही सूक्ष्मदर्शकाखाली ती खाचखळग्यांची असते. लोखंडावर लोखंड कितीही आवळलं तरी ते खळगे भरत नाहीत. मध्ये काहीतरी असं हवं, की जे दाबलं गेलं की खळग्यांत शिरेल आणि तरी पिळून बाहेर पडणार नाही. शिवाय इंजिन तापतं तेव्हा हेड वाढतं. ४० सेंटिमीटर लांबीचं हेड ७० अंशांनी तापलं तर सुमारे ०.३ मिलिमीटर लांब होतं. सकाळी वाढायचं, रात्री आखडायचं, वर्षानुवर्षं. त्या सरकण्यालाही गॅसकेट जागा देतं.

आता खुणा आठवा. मागचे काही आठवडे ट्रॅक्टर काय सांगत होता? रेडिएटरमध्ये रोज पाणी घालावं लागत होतं आणि खाली थेंब दिसत नव्हता. सकाळी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून पांढरी वाफ बराच वेळ येत राहिली. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसली. तेल कुणी घातलं नव्हतं, आणि काठीला पिवळट-दुधाळ चिकटा लागत होता. किंवा गार इंजिनावर, झाकण उघडं ठेवून स्टार्टर मारला तेव्हा रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे येत राहिले. ही शेवटची खूण सगळ्यांत स्पष्ट. ती गार इंजिनावरच पाहायची. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. अर्धा किलो दाब धरणाऱ्या झाकणाखाली पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सुटताच ते सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. कितीतरी चेहरे असे भाजले आहेत.

तेलात पाणी गेलेलं दिसलं असेल तर त्यानंतर इंजिन सुरू करू नये. तेल-पाण्याचं ते मिश्रण बेअरिंगला धरत नाही, आणि गॅसकेटचं काम क्रँकपर्यंत जातं.

आता उठा. आधी पाणी सोडा, तेही बादलीत. त्यात कूलंट घातलेलं असेल तर जमिनीवर सांडू देऊ नका. ते गोडसर लागतं, कुत्री-गुरं चाटतात आणि मरतात. मग बॉनेट, डिझेलची टाकी, एअर क्लीनरचा पाइप, सायलेन्सर, नोझलच्या नळ्या. प्रत्येक नळीचं तोंड सुटल्या सुटल्या स्वच्छ टोपीनं किंवा प्लॅस्टिकनं बंद करा. डिझेलच्या वाटेत गेलेला मातीचा एक कण नोझल खराब करायला पुरतो. पंप आणि नोझल यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये मोजतात.

रॉकर उतरवताना सावकाश. पुशरॉड काढताना आधी थोडा फिरवा, मग वर घ्या. तेलाच्या चिकटीमुळे खालचा टॅपेट त्याच्यासोबत ओढला जातो आणि जागेवरून निसटतो. एका पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात पुशरॉड क्रमानं उभे करा, वर आकडे लिहा. इतकी वर्षं प्रत्येक पुशरॉड आपल्या रॉकरबरोबर आणि आपल्या टॅपेटबरोबर झिजला आहे. त्यांची जोडी मोडू नये.

आणि आता हेडचे नट. एका दमात एक नट पूर्ण सोडायचा मोह आवरा. कडेच्या नटांपासून सुरुवात करा, प्रत्येकाला थोडं थोडं सैल करत आत या, पुन्हा कडेला जा, पुन्हा आत या. सगळे मिळून हेड धरून बसले आहेत; सगळ्यांचा ताण एकत्रच उतरायला हवा. हेड सुटत नसेल तर फटीत पहार घालू नका. त्या एका ओरखड्यातून उद्या पाणी वाट काढेल. बाजूनं लाकडी ठोकळा धरून हलके ठोके द्या. सुटल्यावर दोन माणसांनी सरळ वर उचला. ओतीव लोखंडाचं हेड एकट्यानं पेलायचं नसतं. पाठ जाते आणि हातातून सुटलं तर हेडही जातं.

हेड फळीवर ठेवलं की लगेच खरवडायला घेऊ नका. मनात धरलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे दिसतं, आणि बहुतेक जण ते खरवडून टाकतात.

गॅसकेट उजेडात धरा. दोन सिलिंडरांच्या मधल्या पट्टीवर काळा, जळका मार्ग दिसतो का? म्हणजे आग एका सिलिंडरातून शेजारच्यात जात होती. दोन्ही सिलिंडरांची शक्ती उतरली होती आणि ट्रॅक्टर चढाला दम तोडत होता. पाण्याच्या भोकाकडे गेलेली काजळीची रेघ दिसते का? म्हणजे वायू पाण्यात जात होता, बुडबुडे त्याचेच. एखादा पिस्टन बाकीच्यांपेक्षा स्वच्छ, वाफेनं धुतल्यागत दिसतो का? पाणी त्या सिलिंडरात पडत होतं. आता ज्या जागी जळालं तिथले नट आठवा. सोडताना त्यातला एखादा हलकाच सुटला होता का? आणि पाण्याची भोकं पाहा. त्यातली काही पांढऱ्या-तपकिरी खड्यांनी बुजली आहेत का?

बुजली असतील तर उत्तर मिळालं. आपल्याकडच्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी जड असतं. ते तापलं की त्यातले क्षार लोखंडावर बसतात. हा थर लोखंडापेक्षा वीसेक पटींनी कमी उष्णता पुढे जाऊ देतो. बाहेर रेडिएटर भरलेला, पाणी खेळतंय, काटा हिरव्यात, आणि आत एका कोपऱ्यात क्षारामागचं लोखंड भट्टीगत तापलेलं. उष्णता तिथे साठली, हेड तिथे वाकलं, गॅसकेटवरचा दाब तिथे कमी झाला, आग तिथून निसटली. आता ‘जुनं झालं होतं’ या उत्तराकडे पुन्हा पाहा. दोष पाण्याचा होता, आणि ते पाणी रोज आपण घालत होतो. पावसाचं साठवलेलं किंवा क्षार काढलेलं पाणी, त्यात योग्य प्रमाणात कूलंट, एवढ्यानं हे टळतं. हंगामात शेकडो लिटर डिझेल जाळणाऱ्या मशीनला काही लिटर चांगलं पाणी मिळायलाच हवं, असं मला ठामपणे वाटतं.

भोकं मोकळी असतील तर नजर बाहेर वळवा. मळणी यंत्र चालवताना रेडिएटरच्या जाळीवर भुस्सा बसतो. उसाच्या शेतात पाचटाचे तुकडे आणि धूळ. समोरून जाळी साफ दिसते आणि मधल्या पापुद्र्यांत गाळ गच्च असतो. फॅनचा पट्टा सैल असेल तर तो मध्येच घसरतो. आणि ट्रॉल्या. या घराण्याच्या ट्रॅक्टरला एका ट्रॉलीचं काम पेलतं, त्यामागे दुसरी जोडून, दोन्हीवर नियमापेक्षा जास्त ऊस रचून, खालच्या गिअरला ते तासन् तास ओढायला लावलं तर तयार झालेली उष्णता बाहेर टाकायची कुवत त्या रेडिएटरमध्ये नाही. ज्यांच्या पोटाचा प्रश्न त्या वाहतुकीवर आहे त्यांना मी हे सहज सांगू शकत नाही. पण लोखंड हिशेब विसरत नाही.

आता साफसफाई. ही या कामातली सर्वांत लांब आणि सर्वांत कंटाळवाणी पायरी आहे, आणि याच पायरीवर काम टिकतं की नाही हे ठरतं. गॅसकेट जुनं असेल, आत करडे तंतू दिसत असतील, तर ते अ‍ॅस्बेस्टॉस धरून चला. कोरडं घासू नका, ग्राइंडरला तारेचा ब्रश लावू नका, हवेच्या नळीनं उडवू नका. पाण्यानं ओलं करा, सावकाश सोडवा, पिशवीत बांधून ठेवा, मुलांना लांब ठेवा. ते तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत, आणि त्यांचा आजार वीस-तीस वर्षांनी उमटतो. गॅरेजमध्ये आयुष्य काढलेल्या माणसांनी हा धोका न कळता अंगावर घेतला आहे.

सिलिंडरांत स्वच्छ फडकी कोंबा, पाण्याची आणि तेलाची भोकं झाका. बोथट पट्टीनं, लोखंडाला ओरखडा पडणार नाही अशी, थोडी थोडी जागा साफ करत जा. बोटाचं टोक फिरवा. बोटाला जे जाणवतं ते गॅसकेटलाही जाणवतं. स्टडच्या आट्या तारेच्या ब्रशनं मोकळ्या करा. स्टड काढले असतील तर त्यांच्या भोकांतलं पाणी आणि तेल शोषून घ्या. बंद भोकात द्रव राहिला आणि वरून स्टड आवळला, तर द्रव दाबला जात नाही. तो ब्लॉकलाच चीर पाडतो.

मग हेडवर पोलादी सरळ पट्टी उभी धरा. लांबीत, रुंदीत, दोन्ही तिरक्या रेषांत. मागून उजेड पाडा. पट्टीखालून उजेड येतो तिथे फीलर गेजचं पान सरकवून पाहा. पर्किन्सच्या या तीन सिलिंडरी घराण्यात लांबीच्या दिशेनं ०.१५ मिलिमीटर आणि रुंदीच्या दिशेनं ०.०८ मिलिमीटर यापेक्षा जास्त बाक चालत नाही. हा फरक नुसत्या डोळ्याला कळणारा नाही. हेड वाकलेलं निघालं तर फेसिंगला पाठवा, पण लागेल तेवढंच घासून घ्या. प्रत्येक फेसिंगला हेड पातळ होतं आणि पुढच्या वेळेसाठी कमी उरतं. ब्लॉकची पाठही तशीच तपासा. लोकांचं लक्ष हेडवर असतं, ब्लॉक विसरला जातो.

चीर शोधायची जुनी रीत अजून उपयोगी पडते. दोन व्हॉल्व्हच्या मधली जागा रॉकेलनं भिजवा, थोडा वेळ जाऊ द्या, कोरडी पुसा, वर खडूची पूड पसरा. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल पुढच्या काही मिनिटांत खडूवर रेघ उमटवतं. या वेळेत काहीही करू नका. नुसतं पाहा. रेघ उमटली तर नवं गॅसकेट घालून उपयोग नाही, आणि हे आज कळलेलं बरं. तापलेल्या इंजिनावर कधी गार पाणी ओतलं गेलं होतं का, हेही त्या वेळी आठवून पाहा. ओतीव लोखंडाला असा झटका सोसत नाही.

नवं गॅसकेट पिशवीतून काढा. दुमडू नका, मुरडू नका. जुन्यावर ठेवून प्रत्येक भोक जुळतं का ते बघा. वरची बाजू आणि पुढची बाजू कोणती याची खूण त्यावर असते. उलटं बसलं तर तेलाचं किंवा पाण्याचं भोक झाकलं जातं आणि इंजिन पहिल्याच दिवशी कोरडं पडतं. काही गॅसकेटांना लेप चालतो, काहींना कोरडंच बसवायचं असतं. ज्याला कोरडं सांगितलंय त्याला ‘जास्त पक्कं व्हावं’ म्हणून डिंक लावायचा मोह होतो. लावू नका. भीतीपोटी केलेली जास्तीची गोष्ट इथे फायद्याची नसते.

हेड सरळ खाली उतरवा. पुशरॉड आपापल्या जागी जातील, रॉकर बसेल. नटाखालचे वायसर आणि आट्या यांना इंजिन ऑइलचा थेंब द्या. हा थेंब का, ते समजून घ्या. नट आवळताना तुमच्या हाताच्या जोरातला फार मोठा भाग, दहातले नऊ हिस्से म्हटलं तरी चालेल, घासण्यातच जातो: निम्मा नटाच्या बुडाशी, उरलेला आट्यांत. उरलेल्या एका हिश्शानं स्टड ताणला जातो, आणि हेड धरून ठेवतो तो तेवढाच. आट्यांत गंज असेल तर टॉर्क रेंच ‘झालं’ म्हणते आणि स्टडला ताण पोचलेलाच नसतो. सोडताना एखादा नट हलकाच सुटला होता, त्याचं कारण बहुधा हेच.

स्टड ताणला जातो याकडे नीट लक्ष द्या. तो ठणठणीत पोलादाचा आहे, पण योग्य ताणाखाली तो केसभर लांबतो आणि आपल्या मूळ लांबीकडे परत यायला सतत ओढत राहतो. रात्रंदिवस. हेडला ब्लॉकवर दाबून ठेवणारी शक्ती ती ओढ आहे. फार आवळलं तर स्टड परत येण्याची शक्ती गमावतो. मग तो नुसता लांब झालेला असतो. कमी आवळलं तर ओढच तयार होत नाही.

आता मधून सुरुवात करा. मधला नट, मग त्याच्या समोरचा, मग बाजूचा, असं फिरत फिरत कडेकडे. पहिल्या फेरीत पुस्तकातल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच. दुसऱ्या फेरीत दोन तृतीयांश. तिसऱ्या फेरीत पूर्ण. भाकरी थापणारा हात पीठ जसं मधून कडेला नेत जातो, तसा इथे दाब मधून कडेला नेत जायचा. कडा आधी आवळल्या तर गॅसकेटचा मधला भाग फुगून अडकतो. वरून सगळं घट्ट दिसतं आणि मध्ये, जिथे आग सर्वांत जवळ आहे तिथे, ते सैल राहतं.

श्वास हाताबरोबर चालू द्या. रेंच झटक्यानं ओढू नका. सलग, एका गतीनं, आवाज येईपर्यंत. मग पुढचा नट. कुणी काही विचारलं तर फेरी संपेपर्यंत बोलू नका, कारण सुटलेला एक नट कोणता हे नंतर आठवत नाही. आवळून झालेल्या प्रत्येक नटावर खडूची टिकली करा. आमच्याकडे पुष्कळ चांगले मिस्त्री टॉर्क रेंच न वापरता हाताच्या अंदाजानं आवळतात, आणि त्यातल्या काहींचा अंदाज खरोखर थक्क करणारा असतो. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तरी मी रेंचच वापरायला सांगेन. अंदाज सकाळच्या ताज्या हाताला वेगळा असतो आणि संध्याकाळच्या थकलेल्या हाताला वेगळा, आणि दहा-पंधरा नटांमध्ये समान वाटप व्हायला हवं असतं.

टॅपेट गॅप लावा: या घराण्यात गार इंजिनाला ०.३० मिलिमीटर, गरम इंजिनाला ०.२५. नळ्या जोडा, पण नोझलकडच्या बाजूला थोड्या सैल ठेवा. फिल्टरपासून सुरुवात करून डिझेलच्या वाटेतली एअर काढा. फेस जाऊन सलग धार येऊ लागली की स्क्रू बंद. स्टार्टर मारा, सैल नळ्यांतून डिझेल उडू लागलं की त्या आवळा. या फवाऱ्यासमोर हात धरू नका. त्याचा दाब कातडी भेदून आत जाण्याइतका असतो. नवं तेल, नवा फिल्टर. पाणी सावकाश ओता, म्हणजे हवा अडकणार नाही.

सुरू झाला की वेग वाढवू नका. कमी वेगावर तापू द्या आणि तोवर रेडिएटरमध्ये बघत राहा. सुरुवातीला अडकलेली हवा बुडबुडे होऊन येते, ती थांबते. थांबली नाही तर इंजिन बंद करा. थर्मोस्टॅट बसवलेला आहे ना, याचीही खात्री याच वेळी करा. ‘तापतोय’ म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडे रीत पडली आहे. त्यानं मूळ दुखणं जात नाही, आणि इंजिन मात्र कायम थंड चालतं, डिझेल अर्धवट जळतं, तेल लवकर खराब होतं. रेडिएटर उतरवून आतून-बाहेरून धुऊन घेणं हा खरा उपाय, आणि तो हेड वर चढवायच्या आधीच झालेला असावा.

नट पुन्हा आवळायचे असतात. इंजिन नीट तापल्यावर एकदा, आणि काही तासांचं हलकं काम झाल्यावर पुन्हा एकदा. गार की गरम, किती तासांनी, ते पुस्तक आणि गॅसकेटच्या पाकिटावरची सूचना यांवरून ठरवा. हल्लीच्या काही गॅसकेटांना दुसऱ्यांदा आवळायचं नसतं, पण ती या इंजिनांच्या वाट्याला क्वचित येतात. नवं पान उष्णतेनं आणि दाबानं आणखी थोडं बसतं, आणि जेवढं ते बसतं तेवढी स्टडची ओढ कमी होते. अनेक गॅसकेटं या एका दुर्लक्षानं दुसऱ्यांदा जातात: ट्रॅक्टर सुरळीत चालतोय, हंगाम अंगावर आलाय, कोण पुन्हा बॉनेट उघडणार? ते दोन-चार दिवस ट्रॅक्टरला भारी काम देऊ नका. रोज सकाळी, सुरू करण्याआधी, डिपस्टिक काढून तेलाचा रंग आणि पातळी बघा, रेडिएटरचं पाणी बघा.

दुसऱ्यांदा आवळतानाही क्रम तोच, मधून कडेकडे. एका वेळी एकच नट, आधी पाव फेरी सैल करून मग ठरलेल्या आकड्यापर्यंत, कारण बसलेला नट जागचा हलायलाच जादा जोर मागतो आणि रेंच फसते. ते झालं की टॅपेट गॅप पुन्हा मोजा. हेड केसभर खाली आलेलं असतं, त्याच्याबरोबर रॉकरही, आणि पुशरॉड होते तेवढेच लांब आहेत. त्यामुळे गॅप कमी झालेली मिळेल. ती तशीच राहिली तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, फटीतून आग जात राहते आणि व्हॉल्व्हची कड जळते. सहाही व्हॉल्व्हची गॅप लावा, रॉकर कव्हरचं पॅकिंग नवं घाला, आणि मग ट्रॉली जोडा. एकच.